शालिनीचा टाक

*नऊ चेहरे, एक भिंत. रविवार बाजारातून. राजस्थानी, कदाचित शंभर वर्षं जुने. अँटिक फिनिश.*

हे कॅप्शन वल्लरीने एप्रिलमध्ये लिहिलं आणि सप्टेंबरमध्ये पुसलं. मधल्या काळात त्यातला एकेक शब्द हातातून सुटत गेला.

रविवार बाजारातून

एवढं खरं. निदान आठांच्या बाबतीत.

वल्लरी मूळची पुण्याची. गुरुग्राममध्ये एका कंपनीत नोकरी, आणि रविवारी सकाळी मेट्रोने जुनी दिल्ली. फुटपाथवर चादरी पसरलेल्या असतात. बंद पडलेली घड्याळं, टेलिफोन, पितळी नळ, कुणाच्या तरी लग्नाचा फोटो काचेसकट. आधी सगळ्यांना इनॅमलचे डबे हवे होते. मग काशाच्या थाळ्या भिंतीवर चढल्या. यंदा ठोकून उठाव काढलेल्या पत्र्यांची लाट होती. तळहाताएवढे चांदीचे पातळ तुकडे, त्यावर घोडेस्वार, देवी, उभ्या बायका. विकणारा म्हणाला, "गिनके नहीं देता मैडम, तौल के." तिने मूठभर उचलले, चादरीवर मांडून व्हिडिओ काढला आणि तोलून घेतले.

तिच्या सासूबाई, शालिनी, असत्या तर हसल्या असत्या. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांनी तीस वर्षं संसार केला. सून रविवारी पिशवी घेऊन आली की म्हणायच्या, "आम्ही जुनं सगळं साताऱ्याला सोडून आलो. तू ते किलोवर परत आण."

नवऱ्याच्या निवृत्तीला काही महिने उरलेले असताना, दीड वर्षापूर्वी, शालिनी गेल्या. क्वार्टर सोडावं लागलं. सासरे अशोक मग मुलाकडे, साकेत आणि वल्लरीच्या चौदाव्या मजल्यावरच्या घरी राहायला आले.

नऊ

आठ होते. नववा आधीपासून घरात होता.

वर्षश्राद्ध झाल्यावर साताऱ्याहून अशोकच्या थोरल्या भावाने, भाऊसाहेबांनी, कुरियरने एक डबी पाठवली. डबीत कापूस, कापसात चांदीचा टाक. त्यांच्या घरात सवाष्ण गेली की वर्षाने तिचा टाक करतात आणि कुलदैवताच्या टाकांशेजारी देव्हाऱ्यात बसवतात. सोनाराकडे साचा एकच. जगात येऊन गेलेल्या सगळ्या बायका त्याच साच्यातून निघतात.

डबी आली तेव्हा अशोक घरात एकटे होते. त्यांनी टाक हातात घेतला, अर्धा मिनिट पाहिला असेल. शालिनीचं नाक बसकं होतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्यावरून चिडवलं आणि मग जन्मभर चिडवत राहिले. या बाईचं नाक धारदार होतं. त्यांनी भाऊसाहेबांना फोन करून सांगितलं की पोचला. आणि एवढंच जास्तीचं बोलले, "ही शालिनी? ही तर कुणाचीही मावशी."

त्यांनी टाक देव्हाऱ्यात ठेवला नाही. देव्हाऱ्यात ठेवला की ती गेली हे कायमचं झालं असतं, असं काही त्यांच्या मनात असावं. डबी टाकून दिली. दारापाशी वल्लरीने अमर कॉलनीच्या फर्निचर बाजारातून आणलेलं जुनं सागवानी टेबल होतं, त्याच्या खणात त्यांनी तो टाक सारला. त्या खणात वल्लरी बाजारातली किडूकमिडूक टाकत असे. हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि टाक आल्याचं त्यांनी तिला सांगितलं नाही.

फ्रेमवाल्याकडे नेताना तिने खण उलटा केला. नऊ निघाले. मोजून घेतलेले नव्हतेच. तिला बरंच वाटलं. तीन ओळी, ओळीत तीन.

राजस्थानी

तिच्या माहेरी टाक नव्हते. आईवडिलांचं लग्न घरच्यांना सोडून झालेलं, घरात एक गणपती आणि एक कॅलेंडर. विकणारा राजस्थानी म्हणाला, तिने राजस्थानी लिहिलं. साकेतने लहानपणी साताऱ्याला देव पाहिले होते, पण ते फुलांखाली झाकलेले. तो भिंतीकडे बघून म्हणाला, "यार, मस्त आहे," आणि लॅपटॉप उघडला.

अशोकची खोली आतल्या बाजूला. जेवायला बसत तेव्हा ती भिंत त्यांच्या पाठीमागे असायची. एकदा उठताना त्यांनी त्या फ्रेमकडे पाहिलं, थबकले आणि म्हणाले की हे कुणाचे तरी देव आहेत, दिल्ली सोडून जाताना विकलेले दिसतात, असं भिंतीला लावू नये. वल्लरी म्हणाली, "बाबा, ट्राइबल आहेत ते." ते आपल्या खोलीत निघून गेले. शालिनीचा टाक खणातच आहे असं ते धरून होते, आणि तो आपण कुठे ठेवलाय हे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटत होता.

अँटिक फिनिश

फ्रेमवाल्याने सगळे एकसारखे दिसावेत म्हणून गंधकाच्या पाण्यात बुडवून काळे केले होते. मग उठावावर कापड फिरवून तेवढाच भाग उजळला. महिन्याची चांदी आणि शंभर वर्षांची चांदी एका वयाची झाली.

भिंत

पितृपक्ष लागला तसा भाऊसाहेबांचा फोन आला. नवमीला सवाष्णींचा दिवस असतो. मागच्या वेळी वर्ष पुरं झालेलं नव्हतं, यंदा टाक देव्हाऱ्यात बसवायचा आणि तिच्या नावाने एक सवाष्ण जेवू घालायची. त्यांनी विचारलं, टाक नीट आहे ना? अशोक म्हणाले, आहे.

मग ते टेबलाच्या खणापाशी गेले.

वल्लरी ऑफिसच्या कॉलवर होती. तिने पाहिलं की सासरे खण काढून जमिनीवर ठेवतायत, त्यातली बटणं, चाव्या, नाणी बाजूला करतायत. तिने कॉल बंद केला. त्यांनी काय शोधतोय ते सांगितलं, आणि सांगता सांगता दोघांचीही नजर एकाच वेळी भिंतीकडे गेली.

ती रडू लागली तेव्हा ते म्हणाले, "अगं, तू कशाला? मी तिला खणात ठेवलं. तू निदान भिंतीवर तरी लावलंस."

फ्रेम खाली उतरवून सुरीच्या टोकाने टाक सोडवले. घोडेस्वार तीन, ते बाजूला. आठ हातांच्या देवी दोन, त्याही बाजूला. चार उभ्या बायका उरल्या. चिंच लावून घासल्या तरी काळपटपणा पुरता जाईना. अशोकनी चौघींना जेवणाच्या टेबलावर मांडलं, चष्मा पुसला. एकीच्या हातात कमळ. एकीचा कोपरा दुमडलेला. एकीने हात जोडलेले. एकीचं नाक झिजून सपाट झालेलं.

ते बराच वेळ बघत राहिले. साकेतने भाऊसाहेबांना फोटो पाठवून विचारूया म्हटलं. अशोक नको म्हणाले. स्वतःच्या बायकोला ओळखायला भावाला विचारायचं का, असं काहीसं पुटपुटले. आपण एकदाच पाहिलं, तेही रागाने, हे त्यांना त्या टेबलापाशी बसून कळत होतं.

मग त्यांनी सपाट नाकाची उचलली.

"ही," ते म्हणाले. "तेव्हा मी नीट बघितलंच नाही. हिचंच नाक बसकं आहे."

कदाचित

नवमीच्या सकाळी अलकाताई आल्या. सरोजिनी नगरला शेजारच्या ब्लॉकमध्ये राहायच्या, शालिनीबरोबर भाजी आणायला जायच्या. आता त्याच सवाष्ण म्हणून जेवायला बसणार होत्या. वल्लरीने यूट्यूबवर बघून आणि अलकाताईंना फोनवर विचारून खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी केली होती.

वडे तळून झाल्यावर तिने फोन घेतला. भिंतीची पोस्ट तिने पुसली होती, बाजारातला मूळ व्हिडिओ तेवढा राहिला होता. तो बघवत नव्हता म्हणून पुसायला उघडला आणि तो चालू झाला. चादर, विकणाऱ्याची बोटं, एकेक करून मांडलेले आठ. तीन घोडेस्वार. दोन देवी. कमळवाली. दुमडलेल्या कोपऱ्याची. आणि शेवटी, उन्हात चमकणारी, सपाट नाकाची.

हात जोडलेली त्यात नव्हती.

तिने व्हिडिओ पुन्हा लावला. मग फोन घेऊन हॉलमध्ये गेली.

अशोक पाटावर बसले होते. ताम्हनात टाक, त्यावर दुधाची धार, मग पाण्याची. इतक्या महिन्यांत त्यांनी घरात कुणापाशी शालिनीचं नाव काढलं नव्हतं. आता हळू आवाजात ते टाकाशी बोलत होते. क्वार्टर पाडलं म्हणून सांगत होते. समोरचं कडुनिंबाचं झाड तेवढं ठेवलंय. गॅसचं कनेक्शन अजून तिच्याच नावावर आहे. "तुला खणात ठेवलं," ते म्हणाले, "रागावू नकोस." आणि अंगठ्याने त्या झिजलेल्या नाकावर कुंकू लावलं, कपाळावर लावायचं ते नाकावर गेलं, आणि ते स्वतःशीच हसले.

अलकाताईंनी वाकून नमस्कार केला. डोळे पुसून म्हणाल्या, "शालिनीच हो. अगदी तशीच."

वल्लरीच्या हातातला फोन विझला. तिने तो पुन्हा उघडला नाही.

कॅप्शनमध्ये नव्हतं

अलकाताई पोटभर जेवल्या. ओटी भरली. दुपारी अशोक किती तरी दिवसांनी गाढ झोपले.

उरलेले आठ टाक कापडात बांधून साकेतने घरातल्या ऑफिसच्या खोलीत ठेवले होते. पितृपक्ष संपला की यमुनेत सोडायचे, असं अशोकनी सांगितलं होतं. परक्यांचे देव घरात ठेवायचे नसतात.

वल्लरीने गाठ सोडली. हात जोडलेली काढून टेबलावर लॅपटॉपला टेकवून उभी केली. धारदार नाक, कुणाचीही मावशी. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने एक पान वाढलं. खीर, दोन वडे, गवार, चटणी, वरणभात, वर तूप.

साकेत पाणी प्यायला आला होता. त्याने विचारलं, हे कुणाचं?

"गायीचं," ती म्हणाली.

"चौदाव्या मजल्यावर? दे, मी खाली नेऊन देतो."

"नको. मी बघते."

ती पान घेऊन खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. पानाभोवती पाणी फिरवायचं असतं हे तिला ठाऊक होतं. कुठल्या बाजूने, ते आठवेना. विचारता येईल असं घरात कुणी नव्हतं. तिने अंदाजाने फिरवलं, टेबल ओलं झालं.

यमुनेला जायला अजून आठवडा होता. गाठोड्यातून एक टाक कमी झाला तर साकेत मोजणार नाही. बाबा मोजतील.