आईच्या पाल्यावरच्या कोंबड्या

“बाई, शेवग्याचा पाला खाऊन कोंबड्या नागव्या कशा होतात?”

विचारलं मी! भर वर्गात! माझ्या बाकावरच्या मलक नि बसमलानं पैजच लावली होती, हिच्यानं विचारवणार नाही म्हणून. पोरी बाकांवर लोळल्या हसून. बाई मात्र हसल्या नाहीत.

“पिसं ज्यानं घडतात, ते मेथिओनिन कोंबड्यांच्या खाद्यात घालायच्या विकतच्या पांढऱ्या पुडीत असतं. पाल्यात असतं, पण थोडं. तेवढ्यानं कोंबडीचं भागतं, हे कुणी ठरवलं?”

आईनं ठरवलं होतं. आमच्या फय्यूम शहराच्या बाजारातून ती परदेशी पूड नाहीशी झाली, तेव्हा आईनं शेवगा, लसूण, काळं जिरं वाळवून कुटलं नि खाद्यात कालवलं. गावभर एकच बोलणं, उम्म शुरूकच्या हाताला गुण हाय! उम्म शुरूक म्हणजे शुरूकची आई; नि शुरूक म्हणजे मी.

घरी आले तर बाबा शेडमागं खड्डा खणत होते. टोपलीत उघड्या पाठीच्या, एकमेकींनी टोचून रक्ताळलेल्या मेलेल्या कोंबड्या.

“तूबाचा गारठा बाधला,” बाबा म्हणाले.

“तूबा महिना काय औंदाच आला व्हय, बाबा?”

“हळू बोल! आयुष्यात पयल्यांदा गाव तुझ्या आईला इचारून काय करतंय. तेवढं तरी राहू दे तिला.”

अंगणात आई एका नागव्या कोंबडीला मांडीवर घेऊन भिजल्या मक्याचा घास बोटानं चोचीत सारत होती, आमच्याकडं बदकांना भरवतात तसा. शेजारची उम्म बयूमी आईच्या कुटलेल्या पाल्याचं पोतं गाढवावर बांधत होती. तिची पाचशे पिल्लं उद्या यायची होती.

“शुरूक, तुझी आई म्हंजे डाक्टरीणच की गं!”

मांडीवरच्या कोंबडीनं मान टाकली, तशी आईनं ती झटकन ओढणीखाली झाकली.

म्हणजे आईला ठाऊक होतं.

बाबाही फावडं घेऊन दारात येऊन थांबले होते. उम्म बयूमी आणखी दोरी आणायला शेडाकडं गेली, तसा मी गाढवाचा कासरा धरला.

“आई, बाबा, ह्ये पोतं मी उतरवतीय. बयूमी मावशीच्या पिल्लांना पाला जायचा न्हाई. पुढल्या खेपेला आपली पन्नास पिल्लं जाळीआड ठेवू, पाला फकस्त त्यास्नी, बाकीच्यांना साधं खाद्य. दर शुक्करवारी मी दोन्हींचं वजन करीन. तवर कुणालाच द्यायचा न्हाई. मावशीला मी सांगते, आई. तू आत जा.”