वॉरंटीची टिकली

"अगं, ते भिंग आण बरं. आणि माझा दुसरा चष्मा."

हे खिडकीपाशी रेडिओ पालथा घालून बसले होते. मी दोन्ही आणून दिलं. ह्यांनी आधी चष्म्यातून पाहिलं, मग चष्म्यावर भिंग धरून पाहिलं, मग रेडिओ उजेडाकडे तिरका करून पाहिलं. मला मात्र जे दिसायचं ते उभ्या उभ्या, साध्या डोळ्यांनी दिसत होतं. रेडिओच्या पाठीवर चार स्क्रू होते. चौथ्या स्क्रूवर चंदेरी कागदाची बारीकशी टिकली चिकटवलेली असायची. ती आता नव्हती.

"शिक्का गेला," हे म्हणाले.

 मी गॅसवर काही नसताना 'दूध उतू जाईल' म्हणत आत पळाले.

हा रेडिओ म्हणजे हातात मावेल एवढी डबी. लेकीने फोनवरून कुठल्याशा परदेशी विक्रेत्याकडून मागवून दिला होता. साध्या रेडिओवर न लागणारी दूरदूरची केंद्रं तो पकडायचा. हे पहाटे उठून अंगावर शाल घेऊन त्याच्याशी झटापट करत बसायचे. खरखर, शिट्ट्या, आणि मधेच कुठल्यातरी अगम्य भाषेत एखादी बाई बातम्या सांगायची. ह्यांना त्यातलं अक्षर कळत नसे, पण वहीत तारीख, वेळ आणि केंद्र लिहून ठेवल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नसे. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, आमचे हे खरखरीला लागले. तक्रार नाही. घरात निदान एक जण तरी ह्यांच्याशी बोलायला तयार होता.

मागच्या आठवड्यात तो मुका झाला. दहा महिने झाले होते आणि वॉरंटी वर्षाची. लेकीने विक्रेत्याला लिहिलं आणि त्याचं उत्तर फोनवर मराठीत भाषांतर करून ह्यांना पाठवलं. "प्रिय मित्रा, तुमच्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया मागील शिक्क्याचा फोटो पाठवा. शिक्का अखंड असल्यास आम्ही नवीन संच पाठवू." बत्तीस वर्षांच्या नोकरीत ह्यांना कुणी प्रिय मित्र म्हटलं नव्हतं. हे तो निरोप दोनदा वाचून खूश झाले होते.

कारण नोकरीच तशी होती. हे वजनमापांचे निरीक्षक. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचा, बरोबर असला तर त्याच्या स्क्रूतून तार ओवून तिच्या टोकांवर शिशाचा शिक्का चिमट्याने दाबायचा. वर्षभर त्या शिक्क्याला कुणी हात लावायचा नाही. लावला की खटला. मग तो कोण का असेना.

आणि घरात म्हणाल तर मिक्सर, पंखा, इस्त्री, माझ्या शिवणयंत्राची मोटर, ह्यांनी उघडली नाही अशी वस्तू नाही. फक्त ह्या रेडिओला दहा महिन्यांत पेचकस लावला नाही. हात शिवशिवायचे, पण म्हणायचे, "शिक्का आहे त्यावर. विषय संपला."

तो शिक्का मी काढला होता.

आता माझी सवय सांगते. नवं भांडं घरात आलं की त्यावरचा कागद मला बघवत नाही. तेलाचं बोट लावते, थोडं मुरू देते, आणि नखाने खरवडून लख्ख करते. महिन्यापूर्वी टेबल आवरताना रेडिओ हातात आला. त्या टिकलीचा कोपरा उचकटला होता, त्याला मळ धरला होता. मला वाटलं, किमतीचा कागद राहिलाय. तेल, नख, फडकं. दोन मिनिटांत काम फत्ते, वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. हे नेहमी फोन स्पीकरवर टाकतात, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

"बाबा, त्यात काय एवढं? तसल्या टिकल्या बाजारात पानं भरून मिळतात. एक चिकटवा, फोटो काढा, पाठवून द्या."

"खोटा शिक्का लावू?"

"टिकलीच आहे हो ती!"

"मी आयुष्यभर काय केलं ते ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे," लेक म्हणाली. "मामाला पण ठाऊक आहे."

ह्यांनी फोन ठेवून दिला.

मामा म्हणजे माझा दादा. त्याचं किराणा दुकान होतं. सतरा वर्षांपूर्वी ह्यांची बदली त्याच गावी झाली आणि तपासणीच्या यादीत दादाचं दुकान आलं. तराजूची तार तुटलेली निघाली. वहिनी बिचारी सांगत होती, "भावोजी, माझ्याच हातून झालं हो. तारेच्या चोथ्याने घासत होते, तर तटकन तुटली." हे म्हणाले, "कुणी तोडला, का तोडला, ह्याला महत्त्व नाही. शिक्का तुटला म्हणजे तुटला." दंड झाला. गावाच्या वर्तमानपत्रात लबाड दुकानदारांच्या यादीत दादाचं नाव छापून आलं. कार्यालयात ह्यांचं कौतुक झालं की सख्ख्या मेव्हण्यालाही सोडलं नाही. दोन वर्षांत दुकानाला कुलूप लागलं. दादा त्यानंतर ह्यांच्याशी बोलला नाही, माझ्याशी कार्याच्या गर्दीत तेवढं 'बरी आहेस ना' एवढंच. मी मधल्या मधे सुपारीसारखी अडकित्त्यात सापडले. नवऱ्याला चूक म्हणावं तर नियम त्याच्या बाजूने, आणि भावाला खोटं म्हणावं तर जीभ रेटेना. म्हणून मी गप्प राहिले. सतरा वर्षं गप्प राहणं सोपं नसतं, पण सवय होते.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसासमोर 'शिक्का मी काढला' कसं म्हणायचं? त्याच्या तोंडून वहिनीला ऐकवलेलं तेच वाक्य मला ऐकायचं नव्हतं. ऐकलं असतं तर ह्या वयात मी काय केलं असतं, कोण जाणे.

दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर हे आपल्या वहीची पानं मागे मागे उलटत होते.

"काय शोधताय?"

"मी हा उघडला होता का, ते बघतोय." आवाज हळू होता. "उघडला असेन आणि विसरलो असेन. परवा किल्ली फ्रिजमध्ये सापडली होती ना? अण्णांचं पण असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग माणसं."

अण्णा म्हणजे माझे सासरे. शेवटी शेवटी ते ह्यांनाच 'आपण कोण' म्हणून विचारायचे.  सत्तरीतला माणूस माझ्या एका टिकलीपायी स्वतःच्या डोक्यावर शंका घेत बसला होता. मला माझीच लाज वाटली.

"तुम्ही नाही उघडला," मी म्हणाले. "टिकली मी काढली. तेल लावून. किमतीचा कागद वाटला मला."

हे माझ्याकडे बघत राहिले. मी पदर मुठीत धरला आणि त्या वाक्याची वाट पाहू लागले.

"म्हणजे मी विसरलो नाही," हे म्हणाले.

"नाही."

"नक्की?"

"माझं नख अजून दुखतंय. दाखवू?"

ह्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला हसू आलं आणि रडूही. मग म्हणाले, "मग तीन दिवस बोलली का नाहीस?"

"भीती वाटली."

"माझी?"

"तुमची कसली? तुमच्या शिक्क्याची."

 दुपारी ह्यांनी लेकीला फोन करून विक्रेत्याला जे घडलं ते जसंच्या तसं लिहायला सांगितलं. बायकोने साफसफाई करताना चुकून टिकली काढली, आतल्या भागाला कुणी हात लावलेला नाही, हवं तर उघडून तपासून घ्या. लेकीने 'अहो बाबा' म्हणून कपाळाला हात लावला असणार, पण लिहिलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मोठ्याने वाचू लागले. "प्रिय मित्रा, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. परंतु शिक्का कोणी काढला आणि का काढला, याला महत्त्व नाही. शिक्का तुटल्यास वॉरंटी..."

तिथे ह्यांचा आवाज थांबला.

मी पोळी लाटत होते, लाटतच राहिले. मागे वळून बघायचं धाडस मला झालं नाही. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला. वळून पाहिलं तेव्हा हे तिथे नव्हते.

खोलीत जाऊन रेडिओचे चारही स्क्रू काढून बसले होते. आता वॉरंटीच नाही म्हटल्यावर अडवणार कोण? आत सगळं चकचकीत होतं. बॅटरीकडून येणारी केसाएवढी एक वायर तेवढी टाक्यातून सुटली होती. ह्यांनी कथिलाचा एक थेंब लावला. रेडिओ खरखरला, आणि ती न कळणारी बाई जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा बोलू लागली.

ह्यांनी तिचा आवाज बंद केला.

"आत काही बिघडलं नव्हतं," हे म्हणाले. "त्यांनी नुसतं उघडून बघितलं असतं तरी कळलं असतं."

"हो."

"मी बघितलं नव्हतं." आता हे रेडिओबद्दल बोलत नव्हते. "तुझ्या दादाचा तराजू. तार तुटलेली दिसली आणि कागद भरला. वजन लावून बघितलंच नाही. नियमात बसत होतं, म्हणून बघितलं नाही."

सतरा वर्षं मला वाटत होतं, ह्यांनी निदान तपासला तरी असेल. मी म्हणाले, "हे मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस."

खरं होतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तराचं मग काहीतरी करावं लागलं असतं. एवढं माझ्याच्याने झालं नाही. दोष काही एकट्या ह्यांच्या पदरात नव्हता.

रविवारी आम्ही बसने निघालो. चार तासांनी दादाच्या दारात उभे होतो. दार वहिनीने उघडलं. आम्हाला बघून तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. दादा आतल्या खुर्चीत होता. केस पार पांढरे झालेले. त्याने माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे.

"या साहेब," तो म्हणाला. पूर्वी तो ह्यांना दाजी म्हणायचा.

हे बसले नाहीत. "तो तराजू आहे का अजून?"

"का? पुन्हा दंड करायचाय?"

"दादा!" मी म्हणाले.

"नाही," हे म्हणाले. "तेव्हा तपासायचा राहिला होता. आज तपासतो म्हणतो, चालत असेल तर."

 दादा उठला. कोपऱ्यात जुन्या चादरीखाली तराजू झाकून ठेवलेला होता. दोन पितळी पारडी, मधे काटा, आणि खाली ती तुटलेली तार तशीच लोंबत होती. दंड भरून परत मिळाला तेव्हापासून त्याने तो वापरला नव्हता, आणि मोडीतही दिला नव्हता. दर आठवड्याला पुसत मात्र असावा, पारडी लख्ख होती. त्याने एक किलोचं वजन एका पारड्यात ठेवलं, दुसरं दुसऱ्यात.

"बघा, साहेब."

काटा इकडे गेला, तिकडे गेला, आणि बरोबर मधल्या रेघेवर येऊन उभा राहिला. हे गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, नोकरीत वाकायचे तसे, डोळा काट्याच्या रेषेत आणून. ह्यांनी वजनांची अदलाबदल करून पाहिली. काटा पुन्हा तिथेच आला.

"बरोबर आहे," हे म्हणाले.

"मला माहीत होतं," दादा म्हणाला.

बघून झालं होतं, तरी हे वर होईनात. तसेच वाकून काट्याकडे बघत राहिले. चष्मा काढून हातात घेतला होता, तेव्हा काटा काही दिसत नसणार. वहिनी पाण्याचे पेले घेऊन दारातच थांबली. मी दादाकडे बघितलं. त्याने पुढे होऊन पारड्यांतली वजनं एकेक करून उचलली, खाली ठेवली, आणि ह्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"उठा दाजी," तो म्हणाला, "कंबर धरेल."