खाडाखोड नाही

चारशे सतरा माश्यांत एकच माशी नको तशी निघाली, आणि वैजनाथ सरांनी पद्मजाच्या जर्नलवर सही करायला नकार दिला. सहीशिवाय प्रॅक्टिकलला बसता येत नाही, आणि परीक्षेला तीनच आठवडे उरले होते.

आई पांढऱ्या डोळ्यांची, बाप लाल डोळ्यांचा. अशा जोडीच्या लेकी सगळ्या लाल डोळ्यांच्या निघायला हव्यात आणि लेक सगळे पांढऱ्या. पद्मजाच्या बाटलीत पांढऱ्या डोळ्यांची एक लेक होती.

"उशिरा उठलीस," सर म्हणाले. "मादी कोशातून निघाल्यावर आठ तासांत वेगळी काढायची असते. नाहीतर तिच्याच बाटलीतला पांढरा नर तिला गाठतो, आणि मग लेकीही पांढऱ्या निघतात. ती ओळ खोडून टाक."

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात माश्यांसाठी मका-गुळाची लापशी ढवळणाऱ्या साळूबाईंनी तिथूनच आवाज दिला, "मला इचारा की सर! पहाटं पाचाला कुलूप मीच काढते. पोरगी लई येळ आधी दारात उभी असती."

"साळूबाई, तुमची लापशी लागतेय खाली."

पद्मजानं जर्नल आपल्याकडे ओढलं. "सर, डोळ्याचा रंग एक्स गुणसूत्राबरोबर जातो. हिला आईनं दोन्ही एक्स दिले असतील. बापाकडून नुसता वाय आला असेल."

"वाय असून मादी?" सर हसले. "मग तुमच्या घरी मुलगे कसे होतात?"

"माणसात वायनं मुलगा ठरतो, सर. माशीत नाही. तिथं दोन एक्स असले की मादीच, वाय असो नसो."

"सिद्ध कर. नाहीतर खोड."

तिनं ती माशी लाल नराबरोबर नव्या बाटलीत सोडली, तोंडाला कापसाचा बोळा घट्ट बसवला. ही माशी साधी, वाय नसलेली असती, तर तिचे सगळे लेक पांढरे निघाले असते.

पंधराव्या दिवशी पद्मजानं ईथरनं बेशुद्ध करून नव्या पिढीच्या माश्या पांढऱ्या फरशीवर ओतल्या. एकशे ऐंशी मोजल्या. मग भिंग सरांपुढे सरकवलं.

"तीन नर लाल डोळ्यांचे आहेत. लाल डोळा बापाच्या एक्समधून आला. मग यांना वाय कुणी दिला?"

सरांनी भिंगाला डोळा लावून तिन्ही नर पुन्हा मोजले.

"आईनं," पद्मजाच म्हणाली.

"बाहेरचे परीक्षक ऐकणार नाहीत हे."

"मी ऐकवीन."

सरांनी सही केली आणि खाली लिहिलं, 'विद्यार्थिनीच्या जबाबदारीवर.'

"ठळक लिहा सर," पद्मजा म्हणाली, "त्यांना चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे."