बगळीचे डोळे

एकोणीसशे चौऱ्याण्णव साल. पेणच्या खाडीकाठाला त्या साली कोळंबीचं वेड लागलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवलेल्या वाफ्यांत लोक तळी खणायला निघाले होते. आणि नेमकं त्याच साली साठी ओलांडलेली सरूबाई म्हात्रे आपली आगीनगाडी पुन्हा चालू करायला निघाली होती.

गाडी सरकारी नव्हे, घरची. सरूबाईच्या सासऱ्यांनी दोन फुटी रूळ टाकून मिठागरापासून थेट आताच्या स्टेशनरोडपर्यंत बांधावरून ती आणली होती. इंजिन काळंकुळकुळीत, पण मीठ वाहून वाहून त्याच्यावर पांढरी पुटं चढायची, म्हणून सगळा गाव त्याला बगळी म्हणे. सरूबाई नवरी होऊन आली ती याच बगळीमागच्या मिठाच्या डब्यात, शालूखाली गोणपाट घालून. पुढे ट्रक आले, बगळी शेडमध्ये गेली आणि शेडच्या दाराला वेल चढली. नवरा वारला तेव्हा मिठागराचा अर्धा वाटा सरूबाईकडे आला, अर्धा दीर काळुरामकडे होताच.

काळुरामला तळी करायची होती. आडवा येत होता तो रुळांचा बांध.

"वयनी, तुझा हट्ट मी मोडत नाय," तो पडवीत बसून म्हणाला. "दसऱ्यापर्यंत बॉयलरच्या साहेबाची मंजुरी आण नि बगळी वाफेवर चालवून दाखव. बांध तुझा. मी माझी तळी अलीकडंच करीन. पण नाय जमलं तर बांध फोडणार नि बगळी भंगारात. मग रडायचं नाय."

"रडतंय कोण? तू कोळंब्यांना अंगाई म्हणायला शिक."

असं तोंडावर म्हणाली खरी, पण काम सोपं नव्हतं. बॉयलरच्या कचेरीत गेली तर तिथला कारकून विचारी, "कारखाना कसला?"

"कारखाना नाय, गाडी हाय."

"मग रेल्वेकडे जा."

रेल्वेकडे गेली तर ते म्हणत, "खाजगी आहे ना? मग बॉयलरवाल्यांकडे जा. आणि आजी, वाफेचं आता काही विचारू नका, आम्हीच ती बंद करत आणली." एसटीचे हेलपाटे घालून तिच्या वहाणांचे अंगठे तुटले. कुठल्याच खुर्चीला तिची गाडी आपली वाटेना.

हाताशी माणसं म्हणजे दोघं. एक भाचा हितेश. रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत तो बॉयलरवर होता. सुट्टीच्या दिवशी गाडीने पेणला यायचा आणि शेडमध्ये शिरायचा तो अंधार पडल्यावर काळा होऊन बाहेर यायचा. दुसरा मंगळ्या, वाडीवरचा कातकरी. बगळीवर तो ऐन तारुण्यात कोळसा मारायचा. आता त्याच्याच्याने फावडं उचलत नव्हतं, पण तो रोज येऊन शेडच्या दारात बसे आणि हितेशला विचारी, "कवा पेटवायची?"

"अरे बाबा, नळ्या बदलतोय अजून."

"नळ्या बदल. पेटवायची कवा?"

श्रावणात अखेर बॉयलरच्या कचेरीने तिचा अर्ज घेतला आणि तपासणीचे साहेब आले. बॉयलरमध्ये पाणी भरून दाब दिला, तासभर काट्याकडे बघत उभे राहिले, आणि मग म्हणाले, "पाणी धरतोय. काम चांगलं आहे." सरूबाईने साखर आणायला घरात पाऊल टाकलंसुद्धा. तेवढ्यात साहेबांनी हितेशला खाली वाकवलं.

"या नव्या सळ्या तुम्ही टाकल्यात ना? ह्यांच्या टोकाला भोकं कुठं आहेत?"

बॉयलरला दोन कातडी असतात, आतली आणि बाहेरची. त्यांना धरून ठेवायला मध्ये लोखंडी सळ्या. सळी आत तुटली तर बाहेरून कुणाला कळणार? म्हणून तिच्या टोकाला बारीक भोक पाडतात. तुटली की त्या भोकातून वाफ सूं करून बाहेर येते आणि माणूस सावध होतो. साहेबांनी हे सगळं समजावून सांगितलं आणि वर म्हणाले, "भोक नसलेला बॉयलर म्हणजे मुका माणूस. दुखलं तरी सांगणार नाही. भोकं पाडा. दसऱ्याच्या आधी माझी एक फेरी आहे, तेव्हा वाफेवर बघतो आणि मंजुरी देतो."

म्हणजे राहिलं काय, तर चार दिवसांचं काम. हितेशने ड्रिल आणून एकेका सळीला भोक पाडलं. तोवर गणपती आले नि गेले. सरूबाईला वाटलं, आता हिला जरा रूप द्यावं. साहेब येणार, गाव येणार. तिने हमरापूरच्या हिरामणला बोलावणं धाडलं.

हिरामणचा गणपतीचा कारखाना. अनंतचतुर्दशी झाली की त्याचे हात रिकामे होत आणि रिकाम्या हातांनी त्याला ताप यायचा. तो रंग, ब्रश, पॉलिश पेपर घेऊन दोन माणसांसकट हजर झाला. "काकी, पैशाचं बोलू नका. माझा बाबा या गाडीतून मुंबईला जायच्या मूर्त्या न्यायचा हमरस्त्यावर."

हितेशने जाता जाता सांगितलं, "सगळं रंगव. फक्त काचा नि पितळ सोड." आणि तो डबल शिफ्टला रोह्याला गेला.

चौथ्या दिवशी सरूबाई चहा घेऊन शेडमध्ये गेली आणि कपबशी हातात तशीच राहिली. बगळी हिरवीगार, कडेला शेंदरी रेघ, चाकांना लाल. आणि पुढच्या गोल दारावर दोन डोळे. लांबसडक, पापण्यांसकट, गणपतीला काढतात तसे.

"हे काय रं मेल्या?"

"आखणी, काकी."

"इंजिनाला डोळे?"

"मग काय आंधळी चालवणार? डोळे झाल्याबिगर काम पुरं होत नाय आमच्यात."

"साहेब हसतील! लग्नातला बैल दिसतोय."

"हसू दे. पण सुबक आलेत ना? सांगा, सुबक आलेत ना?"

सुबक होते, तेच तर. पुसायला लावावेत की नाही यावर ती अर्धा तास भांडली, मंगळ्याला पंच नेमलं. मंगळ्या म्हणाला, "डोळं राहू दे. पेटवायची कवा?" डोळे राहिले. त्या डोळ्यांच्या भांडणात तिने मागे जाऊन काही बघितलं नाही.

साहेब आले ते दसऱ्याच्या दोन दिवस आधी. शेडबाहेर अर्धा गाव. काळुरामसुद्धा डोक्याला रुमाल बांधून उभा, कारण शब्द शब्द असतो. साहेब डोळ्यांकडे बघून खरंच हसले, आणि सरूबाईला हायसं वाटलं. मग ते बॉयलरच्या कुशीशी वाकले. बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. सरळ झाले तेव्हा चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"भोकं कुठं आहेत?"

हितेश धावला. बघतो तर सळ्यांची टोकं काचेसारखी गुळगुळीत, वर हिरवा रंग. एक भोक दिसेल तर शपथ.

"मी पाडली होती साहेब, देवाशप्पथ!"

गर्दीतून हिरामण पुढे आला. काय चुकलं याचा त्याला पत्ताच नव्हता. उलट आवाजात थोडा तोराच होता. "ती होय? भरली मी. लांबी-पुट्टी भरून, घासून, वर रंग. हात लावून बघा, कळायचं नाय."

"का भरलीस?" सरूबाईने विचारलं.

"म्हणजे? भोक ठेवायचं? काकी, आमच्या कारखान्यातून टाचणीएवढी चीर असलेली मूर्ती बाहेर जात नाय. खंडित होते ती. पूजेला चालत नाय."

हितेशने वायर काढली आणि गुडघ्यांवर बसून तो भोकं कोरायला लागला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबा. भोकं तुम्ही आता उघडाल. पण रंगाखाली आणखी काय भरलंय ते मला कसं कळणार? जोडावर चीर असली तर? ती पण ह्यांनी भरली असेल."

"भरली असेल," हिरामणने प्रामाणिकपणे सांगितलं. "जिथं दिसलं तिथं भरलं."

संपलं. साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, बॉयलरचा सगळा रंग खरवडा, लोखंड उघडं करा, मी पुन्हा बघतो.

"उद्या खरवडते," सरूबाई म्हणाली. "मी स्वतः बसते. नखांनी खरवडते. परवा या."

"आजी, परवापासून मी घाटावर. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आता. संक्रांतीनंतर बघू."

संक्रांत! तिने काळुरामकडे पाहिलं. काळुराम आपल्या पायांकडे बघत होता.

"काळुराम, तीन महिन्यांचा प्रश्न हाय."

"वयनी, कोळंबीचं बी आणायचं ठरलंय. खणायची माणसं दसऱ्याला येणार. मी आधीच बोललो होतो."

बोलला होता. तोच तर वैताग. कुणाला शिव्या घालाव्यात, तर कुणीच खोटं वागलेलं नव्हतं. साहेब बरोबर, दीर शब्दाला जागलेला, हितेशने भोकं पाडलेली, हिरामणने जीव ओतलेला. एवढी सगळी शहाणी माणसं आणि गाडी मात्र जागच्या जागी. त्या रात्री सरूबाईने जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि पितळी डबे घासायला घेतले. घासलेलेच पुन्हा घासले.

दसरा झाला आणि भंगारवाल्याचा ट्रक आला. पण बांध अजून ओला, ट्रक स्टेशनरोडलाच थांबला. बगळीला तिथवर न्यायचं कसं? शेवटी हिरामणच आला, हमरापूरची वीस-पंचवीस माणसं घेऊन. मोठाले गणपती हातगाड्यांवरून हलवणारी ती माणसं. सरूबाईसमोर मान खाली घालून म्हणाला, "काकी, तुम्ही बसा वर. आम्ही ढकलतो."

"मला मेलीला काय मिरवणूक काढायचीय?"

"बसा गो बाय," मंगळ्या म्हणाला. तो आधीच वर चढून बसला होता.

ती चढली. इतक्या वर्षांत इंजिनावर पहिल्यांदाच. बाईमाणसाची जागा मागच्या डब्यात असे. माणसांनी खांदे लावले, कुणीतरी "गणपती बाप्पा" ओरडलं, आणि गंज सोडत, करकरत बगळी हलली. अर्ध्या वाटेवर सरूबाईच्या नाकात धूर गेला. बघते तर मंगळ्याने रिकाम्या भट्टीत मूठभर पेंढा कोंबून काडी लावली होती.

"अरे, पाणी नाय आत!"

"वाफ नको गो. नुसता धूर. इतके दिवस बसलोय दारात."

पेंढ्याचा पांढुरका धूर धुराड्यातून वर गेला. मग काय, स्टेशनरोडला उभी असलेली रिक्षावाली, भाजीवाली सगळी ओरडायला लागली, "चालली! बगळी चालली!" ढकलणारी माणसं इंजिनाआड, कुणाला दिसेनात. शाळेची पोरं टाळ्या वाजवत रुळांकडेने पळाली. एक ओळखीची बाई हात उंचावून म्हणाली, "सरूबाय, जिंकलीस गो!"

सरूबाईला वाटलं, खाली उतरून एकेकाच्या तोंडावर सांगावं, काही चाललेलं नाही, काही जिंकलेलं नाही.  पण मागे वळून पाहिलं तर ढकलणाऱ्यांत शेवटचा खांदा काळुरामचा होता. रुमाल घामाने भिजलेला. ती त्याच्यावर ओरडली तेवढंच: "जोर लाव की! कोळंबी खाऊन ताकद येत नाय वाटतं?"

बांध त्याच आठवड्यात फुटला.

काळुरामची तळी पहिली खेप छान पिकली. दुसऱ्या खेपेला कोळंबीवर रोग आला आणि सगळं तळं पांढरं होऊन तरंगलं. त्यानंतर तो दुपारचा वहिनीकडेच जेवायचा. ती वाढायची, तो जेवायचा, कोळंबीचं नाव मात्र त्या घरात कुणी काढलं नाही. हितेश पुढे गुजरातेत मोठ्या कंपनीत गेला, तिथे बॉयलरचा इनचार्ज झाला. मंगळ्या पुढच्याच पावसाळ्याआधी गेला. जाताना त्याने कुणाला काही विचारलं नाही, गाडी आपण पेटवली अशी त्याची खात्री होती.

बगळी कापली गेली नाही. भंगारवाल्याचा गॅसकटर चालवणारा तिच्यासमोर उभा राहिला, त्या डोळ्यांकडे त्याने पाहिलं आणि नळी खाली ठेवली. "बघतेय ती. मी नाय लावणार आग." दुसरा आणला, तोही तसाच परत गेला. वैतागून मालकाने ती खांब गावच्या हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला देऊन टाकली. तिथे ती अंगणात उभी राहिली आणि गोव्याला जाणारी मुलं तिच्यावर चढून वडे खायला लागली. बॉयलरचे साहेब निवृत्त झाल्यावर एकदा बायकोबरोबर तिथे उतरले होते. चहा निवेपर्यंत ते बगळीच्या कुशीशी वाकून बसले होते, असं हॉटेलवाला सांगतो.

हिरामण दर वर्षी गणपती गेले की स्वतःच्या खर्चाने खांबला जाऊन तिला रंग देई, आणि सळ्यांची भोकं लांबीने भरी. हॉटेलवाल्याला म्हणे, "आता कुठं वाफ भरायचीय? पावसाचं पाणी जातं आत." त्याच्या मागोमाग, दिवाळीच्या आधी, सरूबाई एसटीने खांबला जाई, अंबाड्यातला आकडा काढी आणि एकेक भोक कोरून मोकळं करी. दोघांनी एकमेकांना त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही.

सरूबाई गेली त्या साली हिरामण नेहमीसारखा खांबला आला. बगळीला हिरवा रंग दिला, शेंदरी रेघ ओढली, डोळे नव्याने आखले. भोकं तेवढी तशीच, मोकळी ठेवली.