दीड मीटर पुढे सरकलेलं टेबल

आमच्या विभागप्रमुखांना आम्ही पाठीमागे ईथरसाहेब म्हणतो. सगळं विश्व ईथर नावाच्या न दिसणाऱ्या पदार्थाने भरलेलं आहे, हे कधीच मोडीत निघालेलं मत त्यांनी उराशी धरलंय. हा ईथर सोबतीला असला की साधे कणही प्रकाशाला मागे टाकतात म्हणे. साहेबांच्या निवृत्तीला वर्ष उरलं आणि गेल्या महिन्यात कणांनी खरंच प्रकाशाला मागे टाकलं.

मी प्रयोगशाळा सहायक, सात वर्षं हंगामी. कायम करण्याचा कागद साहेबांच्या शिफारशीवाचून अडकलेला, त्यामुळे तोंडाला कुलूप. पण आकडे पाहून राहवलं नाही. भिंत रंगवताना रंगाऱ्यांनी कण टिपणाऱ्या यंत्राचं टेबल दीड मीटर पुढे ओढलं होतं. साहेब मात्र जुनंच दहा मीटर अंतर धरून वेग काढत होते. बिचारे कण कमी पळून पहिले आले होते.

"सर, टेबल सरकलंय," मी म्हटलं.

"तुम्ही टेबलं पुसा. विश्वाचं मी बघतो."

साहेबांनी हा शोध दाखवायला प्रात्यक्षिक ठेवलं. त्या दिवशी बाहेरून आलेल्या एका प्राध्यापक बाईंनी सगळ्यांसमोर टेप मागितली. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. साडेआठ मीटर. मला मनातल्या मनात गुदगुल्या.

साहेब जागचे हलले नाहीत. "पाहिलंत? ईथरच्या वाऱ्याने अंतर आक्रसतं, हे मी कधीपासून सांगतोय." मागून टाळ्या पडल्या. साहेबांकडे प्रबंध अडकलेले विद्यार्थी तिथेच बसले होते.

बाई म्हणाल्या, "मग टेबल कोणी हलवलं नाही, असं लेखी द्या."

साहेबांनी मला केबिनमध्ये नेलं. टेबलाला कोणाचाही हात लागलेला नाही, असा मजकूर टाइप करून माझ्यापुढे ठेवला. शेजारी माझी शिफारस ठेवली आणि पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं. मी सही केली. मग त्यांनी केली.

बाईंनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि घडी घालून पर्समध्ये टाकला. मला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

घरी आईला सांगितलं, आता कायम होणार. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"सात वर्षं खरेपणाने राबलीस," ती म्हणाली. "कष्टांचं चीज झालं बघ."