सगळीकडे सारखा उजेड

धाकटीनं ट्यूब मागितली आणि मोठीच्या पोटात दुखायला लागलं.

तसं मागणं साधंच होतं. रफूचं दुकान, दोन टेबलं. पुढे काचेला लागून एक, तिथे मोठी गेली बावीस वर्षं बसत होती. मागे कपड्यांच्या कपाटाच्या आडोशाला दुसरं, ते धाकटीचं. दोघी सख्ख्या जावा. मोठीचा नवरा काउंटर आणि इस्त्री बघायचा, धाकटीचा ट्रकवर, म्हणजे असून नसल्यासारखा. रस्त्यावरून जाणाऱ्याला काचेतून एकटी मोठीच दिसायची, सुईवर मान घालून बसलेली. 'रफूवाल्या बाई' म्हटलं की सगळी गल्ली तिच्याकडेच बोट दाखवायची, आणि मागे आणखी एक बाई बसते हे निम्म्या गिऱ्हाइकांना ठाऊकसुद्धा नव्हतं. मोठीची त्याला काही हरकत नव्हती.

समोर उंच इमारत असल्यामुळे दुकानात ऊन म्हणून कधी यायचं नाही. दिवसाही दिवे लागायचे. मोठीच्या डाव्या हाताला भिंतीवर, बसल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, एक जुनी ट्यूब होती. धाकटीच्या वाट्याला होता एक लोंबता बल्ब, तोही कपाटाच्या पलीकडे.

"दादा, मागे एक ट्यूब लावून द्या ना. स्वतःचीच बोटं दिसत नाहीत मला," धाकटी एक दिवस थोरल्या दिराला म्हणाली.

"हो की, आजच सांगतो वायरमनला," दादा म्हणाले. इतकं चटकन 'हो' त्यांनी मोठीला जन्मात कधी म्हटलं नव्हतं. चष्म्याची डबी आणा म्हटलं तरी तीन वेळा सांगावं लागे.

मोठीनं सुई कापडात खोचून ठेवली. मागे नवी कोरी, लखलखीत ट्यूब, आणि पुढे आपण त्या पिवळ्या पडलेल्या जुन्या ट्यूबखाली. गिऱ्हाईक दारातून आत आलं की आधी कुठे बघेल? जिथे उजेड तिथे. हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि तिला बसवेना.

"लावायच्या तर सगळ्या दुकानात लावा," ती म्हणाली. "सगळीकडे सारखा उजेड पाहिजे. एकीला जास्त, एकीला कमी, असलं काही चालणार नाही माझ्या दुकानात."

दादांनी कौतुकानं बायकोकडे पाहिलं. धाकटी तर हरखूनच गेली. "ताई, किती विचार करता हो माझा!" म्हणाली. मोठीनं नुसती मान हलवली.

वायरमन नमुने घेऊन आला आणि मोठीनं त्याची परीक्षाच घेतली. पहिली ट्यूब उघड्या कव्हरची, आतले दिवे ठिपक्यांसारखे दिसणारे. ती लागली तशी कात्री चमकली, सुई चमकली, टेबलाची काच चमकली. "ही नको. डोळ्यांत टोचते. सुई दिसते, पण सुईचं भोक दिसत नाही." दुसरी पिवळसर. मोठीनं तिच्याखाली काळ्या आणि गडद निळ्या धाग्याची रिळं शेजारी ठेवली, तर दोन्ही सारखीच काळी. "ही तुमच्या घरी न्या, झोपायच्या खोलीत लावा." तिसरी निळसर पांढरी. तिच्याखाली दादांचा चेहरा असा दिसायला लागला की धाकटीनं त्यांना बरं वाटतंय ना म्हणून विचारलं.

चौथी दुधी कव्हरची. ना पिवळी, ना निळी. मोठीनं पुन्हा रिळं मांडली. काळा काळ्याच्या जागी, निळा निळ्याच्या जागी, बाटलीसारखा हिरवा तिसरीकडे. वायरमननं मोबाइलचा कॅमेरा ट्यूबवर धरला आणि पडद्यावर पट्टे हलत नाहीत, म्हणजे ट्यूब लुकलुकत नाही, हे दाखवलं. मोठीचं समाधान झालं.

"आणि डोक्यावर एक लावून जाऊ नका," तिनं बजावलं. "दोन्ही अंगांनी लावा, उंच. माझ्याच हाताची सावली माझ्याच कामावर पडायला नको."

"बाई, तुम्ही चुकून सुई हातात घेतलीत. तुम्ही आमच्या धंद्यात पाहिजे होतात," वायरमन म्हणाला. भिंतीवरची जुनी ट्यूब बघून त्यानं विचारलं, "हिचं काय? उगाच डोळ्यांवर येते."

"काढून टाका," मोठी म्हणाली. हे तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, कुणी भाग पाडलं नव्हतं.

ट्यूब लागल्या. कोपरा असा राहिलाच नाही. कपाटाची सावली गेली, टेबलाखालचा काळोख गेला, सगळीकडे एकसारखा मऊ उजेड. पहिले चार दिवस मोठी खुशीत होती. डोळे चुरचुरत नव्हते, डोकं दुखत नव्हतं. पाचव्या दिवशी एक गिऱ्हाईक दोन पँटी घेऊन उभं राहिलं, एक मोठीनं रफू केलेली, एक धाकटीनं. त्यानं दोन्ही खालीवर करून पाहिल्या आणि म्हणाला, "वा! तुम्हा दोघींच्या हातात फरकच कळत नाही."

फरक कळत नाही! मोठीच्या अंगाचा तिळपापड झाला.

कळणार कसा? जुनी ट्यूब आडवी पडायची. तिच्यापुढे रफू धरलं की उंचसखल लगेच उघडं पडायचं, एक धागा ताणलेला असला तरी त्याची सावली दिसायची. त्या उजेडात आपलं रफू दिसत नाही आणि धाकटीचं दिसतं, ही मोठीची खात्री. या नव्या उजेडात मात्र कुणाचंच काही दिसेना. चांगलं आणि बरं, दोन्ही एका मापाचं झालं. बावीस वर्षं घासलेला हात, आणि ही सहा वर्षांपूर्वी आपणच सुई धरायला शिकवलेली पोरगी! मोठी वर मान करून त्या ट्यूबांकडे बघायची आणि मनात म्हणायची, मीच निवडल्या गं बाई तुम्हाला, रिळं मांडून मांडून.

लोक आता सरळ मागे जायला लागले. धाकटी बोलायला गोड, हात भरभर चालणारा. तिथे हसणं ऐकू आलं की मोठीचा टाका चुकायचा.

अशात एका हॉटेलच्या मॅनेजरबाई आल्या. वेटरांचे चोवीस काळे कोट, बिनअस्तराचे, एकाच मापाचे. पेटीत राहून कसर लागलेली, प्रत्येकाला पाठीवर एखाददुसरं भोक. "हे नीट झालं तर वर्षभराचं काम तुमच्याकडे. पण जबाबदार एकच बाई पाहिजे मला. दहा जणांशी बोलणार नाही मी," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर दादा घसा खाकरून म्हणाले, "मी काय म्हणतो, धाकटीला पुढच्या टेबलावर बसवू या का? हॉटेलचं काम ती बघेल. तुलाही जरा आराम."

आराम! त्यापेक्षा शिवी बरी होती. मोठीनं सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेली टोपी काढून टेबलावर आपटली.

"बारा कोट ती करेल, बारा मी. कुणाचं काम चांगलं ते मॅनेजरबाईच ठरवतील. तिचं चांगलं निघालं तर हे टेबल तिचं. माझं निघालं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"अहो ताई, कशाला असं..." धाकटी म्हणायला लागली.

"तू गप्प बस," मोठी म्हणाली.

तिच्या डोक्यात बेत शिजला होता. दादांच्या ड्रॉवरमध्ये टॉर्च होती. नवा उजेड झाकतो ते टॉर्च उघडं पाडेल, इतकंच.

चार दिवस दोघी कोटांवर वाकल्या. शिवणीच्या आतून धागे उपसायचे, भोकाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत उभे घालायचे, मग त्यांच्यातून आडवे, एक वर एक खाली. मोठीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता. धागे डोळ्यांना दिसत होते, पण कुठला वर नि कुठला खाली ते पटकन उमगत नव्हतं. चिडल्यामुळे होतंय, असं तिला वाटलं. कारणही समोरच होतं, मागे बसून गुणगुणत होतं.

शेवटच्या दिवशी दादांनी सगळ्या कोटांना इस्त्री केली आणि चोवीसच्या चोवीस एकाच दांडीवर लटकवले. मॅनेजरबाई आल्या, एकेक कोट पुढेमागे करून पाहिला, म्हणाल्या, "छानच झालेत की! सगळे सारखे."

"सारखे नाहीत," मोठी म्हणाली. टॉर्च तिच्या हातात होती. "अहो, ट्यूब बंद करा."

दादांनी बटणं दाबली. दुकानात अंधूक झालं. मोठीनं टॉर्च कोटाच्या पाठीला जवळजवळ टेकवून आडवी धरली. पहिला कोट, काही दिसेना. दुसरा, तोही सपाट. तिसऱ्या कोटावर मात्र खांद्याच्या खाली नखाएवढा उंचवटा उठून आला, धागे एकमेकांवर चढलेले.

"हे बघा," मोठीचा आवाजच बदलला. "याला रफू म्हणत नाहीत, याला गाठोडं म्हणतात. ताण सांभाळता आला नाही की असं होतं. हात अजून बसलेला नाही. मी काही दोष देत नाही हो, शिकतेय अजून बिचारी."

आणखी एक कोट निघाला तसाच. मग आणखी एक. मोठीला थांबवेना. सहा वर्षांचं साचलेलं सगळं तिनं त्या उंचवट्यांवर बोलून घेतलं. धाकटी कपाटाला टेकून उभी होती.

"पण हे त्यांचंच काम कशावरून?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"त्याचाही बंदोबस्त आहे," मोठी म्हणाली. "पहिल्या दिवसापासून नियम घालून दिलाय मी. शेवटच्या धाग्याचं शेपूट आतल्या बाजूला ठेवायचं. आतून बघितलं की माझं डावीकडे, हिचं उजवीकडे. तिचं काम माझ्या नावावर खपायला नको, म्हणून." आणि तिनं कोट उलटून टॉर्च मारली.

शेपूट डावीकडे होतं.

तिनं दुसरा कोट उलटला. डावीकडे. तिसरा उलटायची गरज नव्हती, तरी तिनं उलटला. मग ते दोन सपाट कोट पाहिले, ज्यांच्यावर टॉर्चलाही काही सापडलं नव्हतं. तिथे शेपूट उजवीकडे होतं.

दादा उगाच इस्त्रीची वायर गुंडाळत बसले. मग धाकटी पुढे आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, कोट उलटला की डावं-उजवं बदलतं ना? गोंधळ झाला तुमचा. ते तीन माझेच आहेत." आणि मॅनेजरबाईंकडे वळून म्हणाली, "मी पुन्हा करून देते."

मॅनेजरबाईंनी मान डोलावली. त्यांना पटलंही. मोठीनं नुसतं 'हो' म्हणायचं होतं. टेबल राहिलं असतं, नाव राहिलं असतं, काचेतून दिसणं राहिलं असतं. ओठांवर आलंही होतं तिच्या. पण तिनं धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं. ते साधं, थोडंसं घाबरलेलं, तिला वाचवायला निघालेलं तोंड. आणि मोठीच्या पोटात असं काही दुखलं की आजवरचं दुखणं त्यापुढे काहीच नव्हतं. हातही हिचाच चांगला, आणि मनही हिचंच? मोठी मी, आणि मोठेपण हिनं घ्यायचं?

"काही बदलत नाही," ती कडाडली. "आतून बघायचं असंच ठरलंय. ते तीन माझे आहेत. गाठोडी माझी आहेत!"

एवढं बोलून ती खुर्चीवर बसली.

मॅनेजरबाई उद्या येते म्हणून निघून गेल्या. दादा पाणी घेऊन आले. मोठीनं ते घेतलं नाही. "तुझं सपाट कसं आलं?" तिनं धाकटीला विचारलं.

"मला मागे दिसायचंच नाही काही, ताई. मग बोटानंच करायची सवय लागली. डोळे मिटून सुद्धा येतं मला."

म्हणजे जिच्या वाटणीला इतकी वर्षं अंधार दिला, तिनं त्याचंसुद्धा सोनं केलं होतं. मोठीनं एक कोट मांडीवर ओढला आणि आपलीच गाठोडी उसवायला घेतली. अजून ट्यूब बंदच होत्या. "टॉर्च धर," ती म्हणाली. "अशी नाही. डावीकडून, आडवी."

धाकटीनं आडवी धरली. एकेका धाग्याला एकेक बारीक सावली आली, वर कुठला, खाली कुठला, सगळं लख्ख कळलं. सुई सरसर चालायला लागली. बावीस वर्षं ती धागे बघत नव्हती, त्यांच्या सावल्या बघत होती. आणि त्या सावल्या तिनंच वायरमनच्या हातानं काढून टाकल्या होत्या. दहा मिनिटांत पाठ सपाट झाली. टॉर्चलाही काही सापडेना.

दुसऱ्या दिवशी मोठीनं आपली खुर्ची स्वतः उचलून मागे नेली. दादा अडवायला आले, तर म्हणाली, "शब्द म्हणजे शब्द." धाकटी पुढे बसली, काचेतून दिसायला लागली, आणि मॅनेजरबाईंनी सगळं काम तिच्याशीच बोलून घेतलं. मोठीला त्या आठवड्यात जेवण गोड लागलं नाही. उगाच कशाला खोटं सांगू?

मग वायरमन आला. त्यानं मागच्या भिंतीवर, मोठीच्या डाव्या हाताला, ती जुनी ट्यूब पुन्हा ठोकली. मोठीनं आपल्या टेबलावरच्या दुधी ट्यूबांचं बटण बंद केलं आणि कोटावर वाकली. थोड्या वेळानं मान वर केली तर धाकटी समोर उभी. मोठीच्या हातातलं रफू बघत होती, मग ट्यूबकडे, मग पुन्हा रफूकडे. ते रफू कुठे सुरू होतं नि कुठे संपतं, सांगता येत नव्हतं.

"ताई," धाकटी म्हणाली, "मलाही अशी एक ट्यूब लावून द्या ना पुढे."

ती नजर मोठीच्या चांगलीच ओळखीची होती. सहा वर्षं तिनं ती स्वतःच्या डोळ्यांत वागवली होती. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं.

"का गं?" ती धागा ओढत म्हणाली. "सगळीकडे सारखं कशाला पाहिजे?"