देसिमिरचा आंबलेला समुद्र

रविवारी दुपारी देसिमिरच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया खुर्च्यांवर, पुरुष भिंतीला टेकून, आणि आत न मावलेले दहा-बारा जण उघड्या दारातून माना उंचावून बघत होते. समोर भिंतभर लांब काचेची टाकी, टाकीत समुद्राचं पाणी, पोवळी आणि मासे. टाकीपुढे विदोये गुडघे टेकून, डोळे मिटून बसलेला. गळ्यातला विणलेला लोकरी पट्टा काढून त्यानं त्याचं एक टोक पाण्यात सोडलं होतं.

"पंप बंद करा," तो पुटपुटला. "समुद्राला शांतता हवी."

देसिमिरनं पंप बंद केला. टाकीच्या कडेला मीटरची छोटी पाटी होती, तिच्यावर ७.७ हा आकडा होता. बघता बघता तो ७.९ झाला. मग ८. मग ८.३.

"चढला! चढला!" शेजारची रादुंका ओरडली आणि तिनं घाईघाईनं छातीवर क्रूस काढला. या विदोयेला शोधून आणणारी तीच. "औषध नाही, यंत्र नाही, नुसता पट्टा! बघितलंत ना, बाई?"

बाई म्हणजे मी. नेवेंका. झायेचारच्या शाळेत चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते. मी बघितलं होतं, आणि माझं डोकं तापायला लागलं होतं.

आमच्या देशाला आता समुद्र उरलेला नाही. देसिमिर सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत राबला, आणि निवृत्त होऊन घरी आला तेव्हा देश फुटून नकाशावरून किनारा गेलेला. मग त्यानं समुद्रच बैठकीच्या खोलीत आणून ठेवला. लोक हसले. त्याची बायको स्तानोयका सुरुवातीला चिडली, पुढे तीच माशांशी गप्पा मारू लागली. पोवळ्यांना पाण्याचा सामू, म्हणजे मीटरवरचा तो आकडा, सव्वाआठच्या आसपास लागतो. तो खाली गेला की पाणी आंबटाकडे झुकतं, पोवळी आक्रसतात, त्यांची वाढ थांबते. उन्हाळ्यात त्याच्या टाकीचं सगळं झकास चाले. यंदा मात्र नोव्हेंबर लागला, खोलीतली धुराड्याची कोळशाची शेगडी पेटली, आणि आकडा खाली घसरला तो वर येईना.

स्तानोयकाची तब्येतही त्याच सुमारास बिघडली. डोकं दुखायचं, मळमळायचं, भांडं हातात घेऊन ते कशाला घेतलं हेच ती विसरायची. डॉक्टर म्हणाले, वय झालं. त्या दिवशीही ती कोपऱ्यात कपाळावर बटाट्याच्या चकत्या ठेवून, वर रुमाल आवळून बसली होती.

विदोयेनं डोळे उघडले. "समुद्र बोलला माझ्याशी."

"काय म्हणाला?" रादुंकानं श्वास रोखून विचारलं.

"म्हणाला, या घरातलं दुखणं मी प्यायलो, म्हणून आंबलो. आता माझ्या पट्ट्यानं त्याला गोड केलंय. या ताईचं डोकं आपोआप उतरेल. बोल ताई, आत्ता कसं वाटतंय?"

सगळ्या माना कोपऱ्याकडे वळल्या. स्तानोयका बिचारी गोंधळली. "खरं सांगायचं तर हलकं वाटतंय जरा."

झालं! एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. विदोये टाकी सोडून शेगडीजवळच्या उबेला सरकला आणि आपण पैशाला शिवत नाही हे सांगू लागला. शिवत नव्हता खरा. फक्त दर रविवारी एक धुरी दिलेली डुकराची तंगडी आणि घरी गाळलेली राकिया दारू. शक्ती फार खर्च होते म्हणे तळहातातून, अंगात चरबी लागते.

जेवणाचं टेबल तसंच मांडलेलं होतं. मी त्यावरचा लाल कोबीच्या सॅलडचा वाडगा उचलला. आमच्याकडे ते भरपूर व्हिनेगर घालून करतात, तळाशी लालभडक पाणी सुटतं. वाडगा घेऊन मी टाकीपाशी गेले आणि पट्ट्याचं बाहेर लोंबणारं कोरडं टोक त्यात बुडवलं.

वाडगा फसफसला. पांढरा फेस काठावरून उतू जाऊन माझ्या हातावर आला, आणि लाल पाणी माझ्या डोळ्यांदेखत निळं पडलं.

"बाई! पवित्र पट्टा सॅलडमध्ये?" रादुंका किंचाळली.

"पवित्र असेल. पण त्यात धुण्याचा सोडा कशाला? व्हिनेगरमधलं लाल कोबीचं पाणी सोड्यानं असं निळं होतं," मी म्हटलं. "विदोये, तू अकरा वर्षं सार्वजनिक स्नानगृहातला पोहण्याचा तलाव सांभाळलास ना? तिथलं पाणी आंबट झालं की काय टाकायचास रे? प्रार्थना?"

विदोयेनं घसा साफ केला. "शक्तीच्या गोष्टीत पुस्तकी माणसानं पडू नये."

"बरं, नाही पडत. पट्टा सोड्याच्या घट्ट पाण्यात भिजवून वाळवलाय. मीटरच्या दांडीला फक्त तिच्या आजूबाजूचं ओंजळभर पाणी कळतं. म्हणून तू दांडीशेजारी पट्टा सोडलास, आणि सोडा लांब पसरू नये म्हणून पंप बंद करायला लावलास. देसिमिर, पंप लाव पाहू."

देसिमिरनं बटण दाबलं. पाणी ढवळलं, आणि आकडा मुकाट्यानं ७.८ वर येऊन बसला.

आधी एक जण हसला, मग सगळी खोली. मघाशी डोळे पुसणारा म्हातारा सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. विदोयेनं पट्टा ओढून घेतला आणि ओलं टोक कोटाखाली लपवत तो बाहेर पडला. तंगडी विसरला नाही मात्र. मला काय वाटलं ते सांगते: मला अत्यंत आनंद झाला. चौतीस वर्षांत एवढा चांगला तास मी घेतला नव्हता.

लोक गेल्यावर देसिमिरनं माझ्यासाठी कॉफी ठेवली. "ते सगळं ठीक, नेवेंका. पण मग माझा समुद्र आंबतो कशानं?"

"हवेनं. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतो, तो पाण्यात विरघळला की आम्ल होतं. खिडकी उघडी ठेव, चढेल सामू."

त्यानं लगेच खिडकी उघडली. समोरचं दार उघडंच होतं. फेब्रुवारीचा वारा खोलीतून आरपार गेला.

"प्रोमाया!" स्तानोयका ओरडली. "अरे मारतोस का मला?"

प्रोमाया म्हणजे समोरासमोरच्या दारा-खिडक्यांतून वाहणारा वारा. आमच्याकडे लहान मूलही सांगेल की त्यानं मान आखडते, तोंड वाकडं होतं, मूत्रपिंडं गारठतात, माणूस मरतो. मी याचा पुरावा कधी मागितला नाही. माझी पाठ विजयाच्या घामानं ओली होती, खिडकी नेमकी माझ्या मागे होती. मी स्वतः उठले आणि ती लावली. दारही लावलं. स्तानोयकानं खिडकीच्या फटीत गुंडाळलेली घोंगडी परत नीट खुपसली.

"मग आकड्याचं काय?" देसिमिर म्हणाला.

"त्यात काय मोठं? खाण्याचा सोडा आण, तासभर भट्टीत भाज, की तोच धुण्याचा सोडा होतो. रोज दोन चमचे पाण्यात विरघळवून टाकीत सोड. विदोयेला तंगड्या चारण्यापेक्षा बरं."

तिघंही हसलो. दुसऱ्याच दिवशी स्तानोयकानं शेगडीच्या भट्टीत ताटभर सोडा भाजला. आठवड्यात आकडा ८.२ वर गेला. पोवळी फुलली. देसिमिर मला रस्त्यात थांबवून सांगायचा, "बाई, तुमचा समुद्र खूश आहे!"

"आणि स्तानोयका?"

"तिचं आपलं चालूच आहे. थंडी संपली की बरी होईल."

मी मान डोलावून पुढे जायची. दोन म्हातारी माणसं एका खोलीत श्वास घेऊन घेऊन किती घेणार? सहाशे लिटर पाणी आंबावं इतका वायू येतो कुठून? हा प्रश्न माझ्या शाळेतल्या मठ्ठातल्या मठ्ठ पोरालाही पडावा असा होता. मला पडला नाही. मी लबाड पकडला होता, माझं काम झालं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी कडाक्याची थंडी पडली. देसिमिर टाकीसाठी मिठाची पोती आणायला सकाळच्या बसनं बेलग्रेडला गेला. स्तानोयकानं शेगडीत कोळसा भरला आणि टाकीसमोरच्या खुर्चीत विणकाम घेऊन बसली. तो दुपारी चारला परतला तेव्हा ती तशीच बसलेली होती, सुया मांडीवर. मासे खायला मागत काचेशी आले होते.

कार्बन मोनॉक्साइड, डॉक्टर म्हणाले. धुराडं साफ करणाऱ्यानं वरून दोरी सोडली आणि कावळ्यांचं बादलीभर घरटं ओढून काढलं. शेगडीचा निम्मा धूर नोव्हेंबरपासून खोलीत परत येत होता. त्यातला एक वायू पाणी आंबवत होता. दुसऱ्याला वास नाही, रंग नाही, आणि तो तिच्या रक्तात जात होता. देसिमिर दिवसभर बाहेर हिंडणारा, म्हणून तो वाचला. विदोयेच्या रविवारी तिचं डोकं हलकं झालं, कारण गर्दीमुळे दार दोन तास उघडं होतं. आणि मीटर तीन महिने ओरडून सांगत होतं की या घरातली हवा खराब आहे. विदोयेनं त्याचं तोंड दहा मिनिटं दाबलं असेल. मी ते दोन चमचे सोड्यानं कायमचं बंद केलं.

माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी आमच्याकडे जेवण घालतात; स्तानोयकाच्या त्या जेवणाला तीस-एक माणसं त्याच खोलीत बसली. खिडक्या बंद, फटीत घोंगड्या. रादुंका माझ्याशेजारी आली आणि कुजबुजण्याची तसदी न घेता म्हणाली, "बाई, तुम्ही त्याला हाकलून दिलंत, आणि समुद्रानं तिला नेलं. तो म्हणालाच होता, घरातलं दुखणं कुणीतरी पिणारच."

"रादुंका, धुराड्यात घरटं होतं. बादलीभर."

"घरटी सगळ्यांच्याच धुराड्यात असतात."

आसपासच्या चार-पाच जणांनी माना हलवल्या. विदोयेला आता पलीकडच्या तीन गावांतून बोलावणी येत होती. फजिती झालेला बुवा आता भविष्य खरं ठरलेला बुवा झाला होता, आणि हे त्याला मी मिळवून दिलं होतं.

देसिमिर उठला. सूप तसंच टाकून तो टाकीपाशी गेला. "इकडे बघा सगळे. आज सकाळपासून मी यात काहीही टाकलेलं नाही. शेगडी बंद आहे, तुम्हीच खोली गरम केलीत. तुम्ही आलात तेव्हा इथं ८.१ होतं. आता ७.९ आहे. हे तुम्ही केलंत, नुसता श्वास घेऊन."

मग त्यानं घोंगडी ओढून काढली, खिडकी उघडली, आणि समोरचं दारही.

"प्रोमाया!" पाच-सहा आवाज एकदम उठले. बायांनी रुमाल मानेभोवती आवळले. रादुंका खिडकी लावायला निघालीसुद्धा.

"हात लावू नकोस," देसिमिर म्हणाला. तो ओरडला नाही, पण ती जागच्या जागी थांबली. "वाऱ्यानं नाही गेली माझी बायको. वारा नव्हता म्हणून गेली. थंडी वाजत असेल तर कोट घाल आणि बस. नाहीतर घरी जा."

बरेच जण घरी गेले. रादुंका सगळ्यांत आधी. पाऊण तासानं आकडा ८ झाला, आणखी थोड्या वेळानं ८.१. पट्टा नाही, सोडा नाही, कुणी पाण्याला बोटही लावलं नाही. हे बघायला देसिमिर, मी आणि आणखी चार माणसं उरली होती. त्यांतल्या दोघांनी जाताना विचारलं, धुराडं साफ करणाऱ्याचा पत्ता काय. मी चिठ्ठीवर लिहून दिला.

आता हे सगळं सांगायचं कारण. बुवाची लबाडी पकडली की आपल्याला वाटतं आपण शहाणे ठरलो. मी तेवढ्यावरच थांबले, आणि खिडकी माझ्या हातानं बंद केली, कारण माझीही एक अंधश्रद्धा होती आणि ती सगळ्या गावाची असल्यामुळे मला कधी दिसली नाही. अजूनही मागून वारा आला की माझा हात मानेकडे जातो. म्हणून कळकळीनं सांगते. आकडा पडला तर तो नुसता वर चढवू नका, का पडला ते शोधा. घरात कुणाचं डोकं रोज दुखत असेल तर ते वयावर ढकलू नका. शेगडी पेटवण्याआधी धुराडं साफ करून घ्या. आणि खिडकी उघडा, आजच उघडा, घरातलं कुणी कितीही ओरडलं तरी.